बुडाला भोक नसलेल्या कुंड्या

पान हाताला लागलं आणि मी चपापले. सकाळी पडदा सारताना त्या कुंडीला माझं कोपर रोजच घासतं, पण त्या दिवशी जे लागलं ते पानासारखं नव्हतं. वापरून वापरून मऊ पडलेल्या चामड्याच्या पाकिटासारखं होतं. पडदा तसाच अर्धा सोडून मी ते पान दोन बोटांत धरलं. चंद्र-ऑर्किडचं पान कसं असावं? ताठ, गार आणि थोडं उद्धट. दाबलं तर दबू नये. हे दबलं आणि दबलेलंच राहिलं. त्याच्यावर लांबीच्या बाजूनं बारीक सुरकुत्या उठल्या होत्या, शेजारच्या पानावरही, त्याच्या खालच्या पानावरही. मी कुंडीवरची सोनेरी अक्षरांची फीत बाजूला करून वरच्या शेवाळात बोट घातलं. शेवाळ कोरडं ठक्क. पहिल्यांदा आला तो राग. सबंध गल्ली आपली मरतुकडी ऑर्किडं उचलून माझ्याकडे घेऊन येते, वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात तशी मी इथली झाडांची डॉक्टरीण, आणि माझ्याच बैठकीत, माझ्या डोळ्यांदेखत एक झाड तहानेनं सुकत चाललं होतं. मागे आरामखुर्चीत हार्सोयो बसले होते. माझे यजमान. टीव्ही बंद होता आणि ते टीव्हीकडे बघत होते. "लुपी, पडदा," ते म्हणाले, "एक तर पूर्ण उघड, नाहीतर पूर्ण लाव." कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून आलेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

ती कुंडी प्रस्तोवोची, म्हणजे त्यानं पाठवलेली. आमच्या जकार्तात कोणाला मोठं पद मिळालं की दुसऱ्या दिवशी दारात ऑर्किडांची रांग लागते. पांढरी, जांभळी, लांब देठांची, आणि प्रत्येक कुंडीला फीत: वर अभिनंदन, खाली पाठवणाऱ्याचं नाव, नावाखाली त्याचं पद. पदाशिवाय फीत नसते. हार्सोयो संचालक झाले तेव्हा आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. चहाचा ट्रे घेऊन मी देठांमधून वाट काढत होते आणि पाहुणे चहाचे घोट घेता घेता कोणाची कुंडी दर्शनी आणि कोणाची कोपऱ्यात ते डोळ्यांनी मापून घेत होते. सर्वांत मोठी प्रस्तोवोची. हार्सोयोंनी कारकुनापासून बोट धरून वर आणलेला त्यांचा माणूस. मग मंत्री बदलले. देठांवर फुलं अजून टिकून होती आणि खुर्ची गेली. खुर्चीत प्रस्तोवो बसला. मी त्याला दोष देत नाही, खुर्ची रिकामी राहत नसते, पण माणसानं निदान एक फोन करावा. हार्सोयोंना कोणी काढून टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांना नॉन-जॉब केलं. आमच्या सरकारी लोकांत हा शब्द दबक्या आवाजात म्हणतात, घरात कोणाला वाईट आजार असल्यासारखा. पगार चालू, हजेरी चालू, काम नाही. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली दिली, तिच्यात टेबल, खुर्ची आणि कोरे कागद. फोन नाही, फाइल नाही, दारावर पाटी नाही. पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी विचारलं, "कसं आहे?" ते बूट काढत म्हणाले, "टेबल चांगलं आहे." काही आठवडे ते त्या चांगल्या टेबलापाशी बसून आले आणि मग निवृत्तीपूर्वीची रजा टाकून कायमचे घरी बसले.

घरी बसले म्हणजे खरोखरच बसले. सकाळी अंघोळ करून कचेरीत घालायचा बाटिकचा शर्ट घालत, पट्टा आवळत, केसांना पाणी लावत आणि बैठकीतल्या आरामखुर्चीत येऊन बसत. कचेरी सुटायच्या वेळी उठून शर्ट बदलत. मधल्या वेळात एसी चालू, पडदा बंद. जेवायला वाढलं की दोन घास. सोयाबीनचं तेंपे तळलं, मिरचीचा ठेचा ताजा वाटला, तरी दोनच घास. विचारलं तर "छान झालंय." लारस, आमची मुलगी, सुराबायाहून फोन करायची, "आई, त्यांना कसला तरी छंद लाव ना." जणू छंद म्हणजे जुलाबाचं औषध, चमचाभर पाजलं की लागू पडेल. एकदा मी त्यांना म्हटलं, चला बाजारात जाऊ. त्यांनी विचारलं, "कोणी भेटलं तर काय सांगायचं?" आम्ही गेलो नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला असं बघितलं नव्हतं. मानेवरची कातडी सैल पडली होती, कॉलर आणि मान यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा झाली होती, आणि रोज थोडी वाढत होती. मला भीती वाटत होती. हा माणूस बसल्या बसल्या संपणार आणि मी शेजारी चहा घेऊन उभी असणार, अशी भीती.

माझी आई बातूची, डोंगरातली. तिच्या अंगणात पेरूच्या खोडाला ऑर्किडं बांधलेली असत. ती म्हणायची, पान खोटं बोलतं. पान सुरकुतलं म्हणजे झाडाला पाणी मिळत नाही एवढंच कळतं. का मिळत नाही ते पान सांगत नाही. पाणी कमी पडलं तरी पान असंच होतं, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी असंच, कारण कुजलेलं मूळ पीत नाही. पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मरतं. म्हणून आधी मूळ बघायचं. चांगलं मूळ कोरडं असताना रुपेरी, भिजलं की हिरवं, दाबलं तर टणक. वाळलेलं पांढरं आणि पोकळ. कुजलेलं तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा. हे सगळं मला पाठ आहे, गल्लीतल्या बायकांना मी ते हजारदा ऐकवलंय. पण या कुंड्यांची मुळं बघायची सोय नव्हती. पहिली फुलं गळली तेव्हाच मी म्हणाले होते, की या दिखाऊ कुंड्या फोडून झाडं वेगळी करू. बाहेरून एक मोठी चिनीमातीची कुंडी, बुडाला भोक नाही. आत प्रत्येक झाड आपापल्या प्लॅस्टिकच्या पेल्यात, मधल्या जागेत थर्माकोल, वर सगळं झाकायला शेवाळ. नुसता देखावा, महिनाभर मिरवायचा. हार्सोयो तेव्हा म्हणाले, "नाव लावलेली कुंडी उचकटायची नसते." फितीसकट सगळं तसंच राहिलं. देठ वाळले, फिती राहिल्या. ज्यांची नावं त्यांच्यावर होती त्यांतल्या कोणाचा आता फोन येत नव्हता, पण अमुक उपसंचालक, तमुक विभागप्रमुख आमच्या भिंतीशी ओळीनं उभे होते. मग मी पानावरूनच निदान केलं. दिवसभर एसी, शेवाळ कोरडं, म्हणजे पाणी कमी. मी पाणी वाढवलं.

पानं आणखी लोंबली. खालचं एक पिवळं पडून गळालं आणि जिथून गळालं तिथं ओलसर काळा डाग दिसला. त्या दिवशी हार्सोयो न्हाणीघरात असताना मी प्रस्तोवोची कुंडी जागची हलवायला गेले. ती हलेना. सुकलेल्या झाडाची कुंडी एवढी जड कशी? मी शेवाळाची चकती उचलली. आतून डबक्याचा वास आला. थर्माकोलचे तुकडे पाण्यावर तरंगत होते आणि पेले बुडाशी काठोकाठ पाण्यात बसले होते. एवढं पाणी मी घातलं नव्हतं. मी घातलेल्याच्या कितीतरी पट होतं. दुसरी कुंडी बघितली, तिसरी बघितली, सगळीकडे तेच. न्हाणीघराचं दार वाजलं तशी मी शेवाळ जागच्या जागी बसवून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून, लसूण सोलत, बैठकीकडे लक्ष ठेवलं. ते आले. बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी पिण्याच्या पाण्याचा पेला भरला. अर्धा प्यायले. उरलेला अर्धा घेऊन पहिल्या कुंडीपाशी गेले, फितीवरचं नाव वाचलं, ओठ हलले, आणि हळूच शेवाळावर पाणी ओतलं. परत जाऊन पेला भरला. अर्धा स्वतः, अर्धा दुसऱ्या कुंडीला. शेवटच्या कुंडीपर्यंत ते असेच गेले, मग खुर्चीत टेकले आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. बाटिकचा शर्ट, आवळलेला पट्टा. वरचं शेवाळ एसीच्या वाऱ्यानं लगेच वाळत होतं आणि वाळलेलं बघून ते पुन्हा घालत होते. मी लसूण सोलायची थांबले होते. ते कामावर होते. मला इतके दिवस वाटत होतं की ते नुसते बसलेत, आणि ते माझ्या नाकासमोर रोज कामावर जात होते.

सांगायचं कसं? मनातल्या मनात मी पुष्कळ वाक्यं जुळवली. हसत सांगू, की अहो बापाक, तुमच्या मायेनं झाडं बुडाली. मुलगी झाल्यापासून मी त्यांना बापाक, म्हणजे बाबा, म्हणते; बाहेरचे लोकही पुरुषाला मानानं बापाक म्हणतात आणि बाईला इबू. की तज्ज्ञासारखं सांगू, मूळ, साल, दोरा. की नुसतंच म्हणू, आजपासून पाण्याचं मी बघते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला त्यांचा तो चेहरा दिसे, बूट काढतानाचा. एकदा त्यांना कामावरून दूर करून झालं होतं. दुसऱ्यांदा मी करायचं? आणि नाही सांगितलं तर झाडं मरणार, एकेक करून, त्यांच्या देखत, आणि हार्सोयो बिनडोक नाहीत, कोणाच्या हातानं मेली ते त्यांना कळायला वेळ लागणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. झाडांची मला तितकी पर्वा नव्हती. मेलेली ऑर्किडं मी पुष्कळ बघितली आहेत, त्यांच्यासाठी मी कधी रडले नाही. पण त्यांच्यावर तो माणूस उभा होता.

म्हणून पुढच्या शुक्रवारी, ते नमाजाला मशिदीत गेले तशी मी कामाला लागले. गॅसवर कात्री तापवून घेतली, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि एकेक पेला बाहेर काढला. तपकिरी मुळं चिमटीत येताच साल सोडत होती. सगळी कापून टाकली, कापल्या जागी स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड दाबली. काही झाडांना दोन-तीन मुळं उरली, प्रस्तोवोच्या एका झाडाला एकच, करंगळीएवढं, पण टणक. खत द्यायचं नाही, अशा झाडाला खत म्हणजे उपाशी माणसाला लग्नाचं जेवण. वारा लागू द्यायचा, मग कोळसा आणि नेच्याच्या खोडाचे तुकडे भरलेल्या भोकांच्या पेल्यात बसवायचं. इथवर आईनं शिकवलेलं. पुढचं माझं. मोठ्या कुंडीच्या तळाशी मी सूपाचे जुने वाडगे पालथे घातले आणि त्यांच्यावर पेले ठेवले. पेल्यांच्या तोंडाशी, शेवाळाच्या खाली, प्लॅस्टिकचा गोल कापून बसवला, म्हणजे वरून ओतलेलं पाणी घरंगळून कडेनं तळाशी जावं आणि मुळांना शिवू नये. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी अक्षरशः मांडून ठेवलं. मुळांपुरतं पाणी मी स्वतः दर शुक्रवारी दाखवत होते आणि तळाशी साठलेलं रबरी नळीनं ओढून काढत होते. शेवटी वर शेवाळ, त्यावर फीत, नाव दिसेलसं. ते परत येऊन बसले, पेला भरला, अर्धा प्यायले, अर्धा ओतला. पाणी नेहमीसारखं आत गेलं.

झाडं सावरली. एकदा खोल सुरकुतलेलं पान पुन्हा पहिल्यासारखं भरत नाही, ते तसंच राहतं. आपण बघायचं ते नवं मूळ आणि मधून येणारं नवं पान. प्रस्तोवोच्या कुंडीत मधोमध एक हिरवी जीभ बाहेर आली तेव्हा ती हार्सोयोंनी माझ्या आधी बघितली. "लुपी! इकडे ये. आधी ये." मी हात पुसत धावले. "ही कुंडी माझं ऐकत नव्हती," ते म्हणाले. "मी म्हटलं, घाई करायची नाही. सगळे सोडून देतात, आपण सोडायचं नाही. आता बघ." त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतक्या दिवसांनी तो जोरात आला होता. त्या दुपारी त्यांनी तेंपे मागून घेतलं. मग ते फाटकाशी उभे राहून शेजाऱ्यांशी बोलू लागले, पाणी किती, कधी, कसं. लोक मागून हसत, "संचालकसाहेबांनी नवं खातं काढलंय," पण ऐकायला थांबत. लारसला फोनवर सांगितलं, "तुझ्या आईला सगळं येतं, पण धीर नाही. झाडाला धीर लागतो." लारस पलीकडे हसत होती आणि मीही हसले. मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. कॉलर आणि मान यांच्यामधली जागा मी रोज बघत होते आणि ती कमी होत होती.

एका शुक्रवारी नळी तोंडात धरून मी पाणी ओढत होते. जरा जास्त ओढलं गेलं, तोंडात आलं. आठवडाभराचं त्यांचं पाणी, बुळबुळीत, गोडसर कुजकं. बादलीत थुंकले आणि तशीच जमिनीवर बसून राहिले. ते रोज कामावर येत होते. त्यांच्या कामाचं काहीही होत नव्हतं. आणि कोणीतरी, पूर्ण विचार करून, त्यांच्या मानाला धक्का लागणार नाही अशा बेतानं, त्यांचं काम कशालाही शिवणार नाही अशी व्यवस्था केली होती. टेबल चांगलं होतं. हे मी केलं होतं. मंत्र्यानं केलं तेव्हा मी त्याला तळतळाट दिले होते, आठवडाभर जेवण गेलं नव्हतं मला. मी उठून नळी धुतली, शेवाळ बसवलं, फीत सारखी केली. दुसरं काय करणार होते? मशिदीतून लोक परतू लागले होते, चपलांचे आवाज येत होते.

मग माझी बहीण देपोकला न्हाणीघरात पडली. तिच्याकडे राहावं लागलं, एक शुक्रवार हुकला. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी, नमाजाला अजून अवकाश असताना, दारात रोमलाह आली. रोमलाह म्हणजे आमच्या गल्लीची डासांच्या अळ्या तपासणारी बाई. दर शुक्रवारी समितीचं जाकीट घालून, विजेरी घेऊन घरोघरी हिंडते आणि डेंग्यूच्या नावानं सगळ्यांच्या मोऱ्या बघते. आमच्या घरी ती न्हाणीघर आणि टाकी बघून जायची. बैठकीत कधी आली नव्हती.

"अळीवाली आली! लपवा काय लपवायचं ते!"

"ये ग. टाकी बघून घे."

"तुमच्याकडे काय सापडणार, इबू पालुपी? तुमच्या घरात डाससुद्धा चपला बाहेर काढून येत असेल." ती टाकी बघून परत जाता जाता बैठकीच्या दाराशी थबकली. "अगंबाई! बापाक, ही झाडं तुमची? अख्ख्या गल्लीत चर्चा आहे. माझ्याकडचं एक आहे, अगदी सासूबाईंसारखं. मरतही नाही, फुलतही नाही."

हार्सोयो खुर्चीतून उठले. इतके खूश. "पाणी नियमानं हवं, इबू रोमलाह. मनात आलं म्हणून नाही. या, दाखवतो."

"त्यात काही बघण्यासारखं नाही," मी म्हणाले. "मी साफ करते ते." फार घाईनं म्हणाले.

"साफ करता तर भीती कसली?" रोमलाह हसली, आणि सवयीनं, खरोखर नुसत्या सवयीनं, तिनं शेवाळाची कड उचलून विजेरी आत मारली. "अरे देवा. बापाक, इकडे बघा! वळवळतायत! ही खाली विहीर कोणी खोदली? आणि हे वाडगे पालथे कशाला? झाडं माळ्यावर, पाणी तळघरात! बापाक, तुम्ही रोज घालता कोणाला, झाडांना की डासांना?"

ती आपल्याच बोलण्यावर खदखदा हसली. हार्सोयो वाकले. तिच्या हातातली विजेरी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. आधी पाणी बघितलं, मग वाडगे, मग एक पेला बाहेर काढून त्याची भोकं, त्यातली नवी रुपेरी मुळं, मग तोंडाशी बसवलेला प्लॅस्टिकचा गोल. तो त्यांनी बोटानं चाचपला. कात्रीनं नीट कापलेला होता, कड कुठे वाकडी नव्हती. आयुष्यभर व्यवस्था वाचत आलेला माणूस, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पेला त्यांनी होता तसा परत ठेवला आणि विजेरी बंद करून रोमलाहला दिली. "चूक झाली," ते तिला म्हणाले. "पुन्हा दिसणार नाही." रोमलाहचं हसू अर्धवट राहिलं. ती माझ्याकडे बघत, काही न कळून, निघून गेली.

"बापाक," मी म्हणाले, "मुळं कुजली होती. मी सांगणार होते. मला वाटलं, तुम्हाला..."

"नाही, नाही," ते म्हणाले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. "चांगली व्यवस्था होती, लुपी. एरवी कोणाला कळलंही नसतं." ते आत गेले. बाहेर आले तेव्हा बाटिकचा शर्ट अंगावर नव्हता, बनियन आणि लुंगी होती. त्या शुक्रवारी ते नमाजाला गेले नाहीत. नंतरच्याही गेले नाहीत.

मी वाडगे काढून टाकले, प्लॅस्टिक काढलं, थर्माकोल कचऱ्यात टाकला. कुंड्यांना बुडाशी भोकं पाडून आणली. आता कोणी कितीही पाणी घातलं तरी वाहून जाईल, मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, आता काही भीती नाही. ते "छान" म्हणाले. भरलेला पेला मी त्यांच्या हाताशी ठेवत असे. ते त्यातला घोटभर घेत आणि उरलेला तसाच ठेवत. झाडांकडे मान वळत नसे. मी लोटांगण घातलं, भांडले, रडले. लारस येऊन चार दिवस राहिली, रोज त्यांच्याशेजारी बसून तिच्या लहानपणच्या गोष्टी काढायची. ते ऐकत, योग्य जागी हसत. जाताना तिनं झाडांचे फोटो काढले. "आई, कसली तरारली आहेत ग!" ती म्हणाली आणि वडिलांकडे बघून फोन खाली घेतला. खरंच तरारली होती. बुडाला भोक, मुळांना वारा, पाणी मोजकं. सगळी पानं ताठ, आणि प्रस्तोवोच्या कुंडीत नवा देठ वर चढत होता, टोकाला कळ्यांचे दाणे. मला तो देठ मोडून टाकावासा वाटायचा. डॉक्टर आला, त्यानं रक्त तपासलं, तसं काही नाही म्हणाला, पाणी भरपूर प्यायला द्या. मी हसले. एका सकाळी त्यांचा हात हातात घेऊन बसले असताना सहज मनगटाजवळची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, परत बसायला विसरल्यासारखी. मूळ बघायला हवं होतं. पण माणसाचं मूळ कुठून बाहेर काढायचं, ते आईनं सांगितलं नव्हतं.

मी उठले. पाण्याचा जग काठोकाठ भरला, प्रस्तोवोची कुंडी उचलून त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. जग त्यांच्या हातात दिला. "घाला," मी म्हणाले. "सगळा घाला. दिवसभर घाला. बुडाशी भोक आहे, आणि नसतं तरी घाला. कुजू दे. सगळी मरू दे, मला एकसुद्धा नको. तुम्ही फक्त घाला." माझा आवाज चिरकला होता, शेजारी ऐकू गेला असणार. हार्सोयोंनी जग नीट दोन्ही हातांत धरला, सांडणार नाही असा, आणि शेजारच्या तिवईवर ठेवला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत त्यांनी मला लुपीखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

"ते आता माझ्याकडे नाही, इबू," ते म्हणाले. कचेरीत खिडकीशी आलेल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं, सौम्यपणे, तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि लांबून आलेल्या माणसाला उभं ठेवू नये, म्हणून हातानं मला समोरची खुर्ची दाखवली. मी बसले.